‘माहीत नाही’ म्हणायची जागा

टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजुषेत मी स्पर्धक म्हणून उभी राहिले त्याला आता बरीच वर्षं झाली. कोणत्या प्रश्नांची उत्तरं बरोबर आली ते आज धड आठवत नाही, पण एक क्षण लख्ख आठवतो. पायाखाली चिकटपट्टीची फुली होती आणि तिच्यावरून पाय हलवायचा नाही असं बजावलेलं होतं. दिवे इतके प्रखर होते की समोरचे प्रेक्षक दिसत नव्हते, फक्त त्यांच्या खुर्च्यांची कुरकुर ऐकू येत होती. सूत्रसंचालकांनी प्रश्न विचारला आणि माझी पाटी कोरी. उत्तर ओठांवर येऊन अडकलंय असंही नव्हतं. बझरवरचा अंगठा घामाने घसरत होता. मी म्हटलं, “माहीत नाही.” त्यांनी मान डोलावली, बरोबर उत्तर सांगितलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

घरी परतताना मनात आलं, याआधी चारचौघांत हे दोन शब्द आपण कधी उच्चारले होते? कामाच्या बैठकीत तर कधीच नाही. तिथे “बघून सांगते” असतं, “साधारण तसंच आहे” असतं, विषय बदलणं असतं. मुलांनी काही विचारलं तरी आपण काहीतरी ठोकून देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाळकडू आपल्याला फार लवकर मिळतं आणि ते अंगी इतकं मुरतं की मूठ उघडायची म्हटलं की अपमान वाटतो.

आणि टीव्ही? तिथे तर उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळच्या चर्चेत आठ चौकटींत आठ माणसं बसलेली असतात. विषय युद्धाचा असो, औषधाचा असो की अर्थसंकल्पाचा, त्यांच्यापैकी एकानेही कधी “याबद्दल मला पुरेशी माहिती नाही” असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. रोजच्या कार्यक्रमांमध्ये मला एकच प्रकार असा दिसतो, जिथे जाणती, शिकलेली माणसं दिवसाढवळ्या आपलं अज्ञान कबूल करतात आणि तरीही ताठ मानेने उभी असतात. तो प्रकार म्हणजे प्रश्नमंजुषा. म्हणून प्रश्नमंजुषा हा नुसता करमणुकीचा, वाहिनीने वाटेल तसा वाकवावा असा कार्यक्रम आहे, हे मला मान्य नाही. ती सार्वजनिक जागा आहे, आणि तिचे नियम कसे असावेत यावर आपण प्रेक्षकांनीही बोललं पाहिजे.

कारण सगळं नियमांवरच ठरतं. अमेरिकेतला ‘जेपर्डी’ हा कार्यक्रम १९६४ साली सुरू झाला. त्यात चुकीचं उत्तर दिलं की त्या प्रश्नाची रक्कम तुमच्या खात्यातून वजा होते. गप्प राहिलात तर काही जात नाही. या एका नियमाने खेळाचा स्वभावच बदलतो. आपल्याला उत्तर येतं का, एवढ्यावर भागत नाही. येतं असं जे वाटतंय ते खरंच येतं का, हेही त्याच क्षणी स्वतःला विचारावं लागतं. शिवाय बझर प्रश्न वाचून संपल्यावरच चालू होतो. फळ्याच्या कडेचे दिवे लागण्याआधी अंगठा दाबला, तर पाव सेकंद तो बंद पडतो आणि तेवढ्यात बाजूचा माणूस उत्तर देऊन मोकळा होतो. १९८५ पर्यंत असं नव्हतं. प्रश्न अर्धा असतानाच दाबता यायचं. पण मग घरी बसलेल्या प्रेक्षकाला प्रश्न पुरता ऐकायलाच मिळेना. त्याच्या वाट्याचा खेळ त्याला मिळावा म्हणून नियम बदलला. प्रेक्षक हाही या खेळातला एक खेळाडू आहे, हे तिथे कुणाच्या तरी नीट लक्षात आलं होतं.

बीबीसीचा ‘मास्टरमाइंड’ १९७२ चा. काळी खुर्ची, अंगावर एकच प्रकाशझोत आणि दोन मिनिटांत जमतील तितके प्रश्न. ही कल्पना बिल राइट या निर्मात्याला दुसऱ्या महायुद्धातल्या स्वतःच्या अनुभवावरून सुचली. शत्रूच्या कैदेत असताना त्याची गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, चौकशी केली होती. कैद्याने नाव, हुद्दा आणि क्रमांक सांगायचा असतो. कार्यक्रमात त्याचं झालं नाव, व्यवसाय आणि निवडलेला विषय. एवढ्या कठोर मांडणीतही एक शब्द स्पर्धकाच्या हाती ठेवला आहे: ‘पास’. तो म्हटला की गुण जात नाही आणि वेळही वाचतो. फेरी संपली की सूत्रसंचालक पास केलेल्या प्रश्नांची उत्तरं शांतपणे एकेक करून सांगतात. मला तो भाग फार आवडतो. टाळ्या वाजायच्या बेतात असतात, स्पर्धक अजून धापा टाकत असतो आणि जे त्याला आलं नाही ते त्याच्या हातात अदबीने दिलं जातं. दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याचे पास कमी तो जिंकतो, म्हणजे अज्ञानाची किंमत आहे, पण ती शेवटी आणि अगदी थोडी मोजावी लागते. आणि विजेत्याला काय मिळतं? काचेचा एक नक्षीदार वाडगा. पैसे नाहीत. १९८० मध्ये तो वाडगा फ्रेड हाउसगो नावाच्या टॅक्सीचालकाने नेला आणि १९८३ मध्ये एका रेल्वेचालकाने.

‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि दोनच वर्षांत ‘कौन बनेगा करोडपती’ या नावाने आपल्याकडे आला. त्यात मोठी सोय अशी की प्रश्न पाहिल्यानंतर, चारही पर्याय वाचल्यानंतर, “मी इथे थांबतो” असं म्हणता येतं आणि कमावलेलं घेऊन जाता येतं. त्या थांबण्याला आपण मनातून हार समजतो. मला तो या खेळातला सर्वांत मोठा क्षण वाटतो. सोबतच्या माणसांची घालमेल चाललेली असते, सूत्रसंचालक दोनदा विचारून पाहतात, रक्कम दुप्पट होणार असते, आणि माणूस म्हणतो, मला खात्री नाही. आपल्या ज्ञानाचं कुंपण नेमकं कुठे आहे हे ज्याला कळतं तोच असं म्हणू शकतो.

याच कार्यक्रमाच्या अमेरिकन अवताराचा पहिला विजेता जॉन कार्पेंटर. १९ नोव्हेंबर १९९९. दहा लाख डॉलरचा पंधरावा प्रश्न समोर होता आणि तोवर त्याने एकही लाइफलाइन वापरलेली नव्हती. त्याने फोनची लाइफलाइन मागितली, वडिलांना फोन लावला आणि मदत मागायची नाहीये, मी जिंकणार आहे एवढंच सांगायला फोन केलाय, असं सांगितलं. मग उत्तर दिलं: निक्सन. अनेकांना यात मिजास दिसते. मला ती कुंपणाचीच दुसरी बाजू वाटते. काय येत नाही हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्यालाच काय येतं याची इतकी निखळ खात्री असू शकते.

आता उलट्या टोकाची गोष्ट. ‘ट्वेंटी-वन’ हा कार्यक्रम १९५६ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. दोन स्पर्धक, आवाज आत न येणाऱ्या दोन काचेच्या खोल्या, प्रश्नाच्या काठिण्यानुसार एक ते अकरा गुण, चुकलात की तेवढे वजा. कागदावर उत्तम खेळ. पहिल्या भागात कोणतीही लबाडी नव्हती, आणि तो भाग साफ पडला, कारण स्पर्धकांना प्रश्नामागून प्रश्न येईनात. प्रायोजक संतापला. तिथून पुढे स्पर्धकांना उत्तरं आधीच मिळू लागली. हा घोटाळा पुष्कळांना ठाऊक असतो, पण तो नेमका कशातून उगवला हे फारसं सांगितलं जात नाही. तो ‘माहीत नाही’ या शब्दांच्या भीतीतून उगवला. खरं अज्ञान पडद्यावर बघवत नाही, असं निर्मात्यांनी ठरवून टाकलं.

आणि पुढे त्यांनी काय केलं ते बघा. हर्ब स्टेंपल या स्पर्धकाला त्यांनी उत्तरांबरोबर अभिनयही शिकवला. कुठे ओठ चावायचा, कुठे अडखळायचं, घाम टिपायचा तर कपाळ पुसायचं नाही, हलकेच रुमाल टेकवायचा. घाम यावा म्हणून खोलीतलं वातानुकूलन बंद ठेवायचं. म्हणजे खरं अज्ञान नको होतं, पण खोटं हवं होतं! पुढे चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या प्राध्यापकाला जिंकवायचं ठरलं, तेव्हा स्टेंपलला हरायला सांगण्यात आलं. प्रश्न होता १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला मिळाला. उत्तर होतं ‘मार्टी’, आणि तो त्याचा आवडता चित्रपट होता. जे त्याला मनापासून माहीत होतं तेच माहीत नसल्याचं नाटक त्याला लाखो लोकांसमोर करावं लागलं. व्हॅन डोरेन १ लाख २९ हजार डॉलर जिंकला, घराघरात पोचला आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने सगळं कबूल केलं. १९६० मध्ये अमेरिकेने कायदा दुरुस्त करून असा बनाव बेकायदा ठरवला. एका खेळासाठी संसदेला कायदा करावा लागला, कारण लोकांना झालेली जखम खरी होती. लोक घरात बसून त्या माणसाबरोबर ओठ चावत होते, त्याच्याबरोबर आठवण्याची धडपड करत होते. त्यांची ती धडपड खरी होती आणि समोरची खोटी.

नेमक्या याच ठिकाणी एका यंत्राने मला चकित केलं. फेब्रुवारी २०११ मध्ये आयबीएमचा वॉटसन हा संगणक ‘जेपर्डी’त केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांविरुद्ध उतरला आणि जिंकला. त्याचा विजय लोकांच्या लक्षात आहे, पण मला त्याची चूक जास्त मोलाची वाटते. पहिल्या सामन्याच्या शेवटच्या प्रश्नाचा गट होता ‘अमेरिकेतली शहरं’. जिथला सर्वांत मोठा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातल्या वीराच्या नावाचा आणि दुसरा मोठा विमानतळ त्याच युद्धातल्या लढाईच्या नावाचा, ते शहर कोणतं? उत्तर शिकागो. वॉटसनने लिहिलं टोरांटो, म्हणजे चक्क कॅनडातलं शहर. सभागृह हसलं. पण नुसता गट बघून, प्रश्न दिसण्याआधी लावायच्या पैजेत त्याने लावले होते फक्त ९४७ डॉलर, आणि उत्तर लिहिताना टोरांटोपुढे पाच प्रश्नचिन्हं लावली होती. त्याला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे त्याला माहीत होतं. प्रत्येक उत्तराची खात्री किती टक्के, हे मोजून ठराविक पातळीखाली बझर न दाबण्याची शिस्त त्याला लावलेली होती, कारण खेळाच्या नियमात चुकीची शिक्षा होती. आज आपल्या हातातली यंत्रं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर सारख्याच ठसक्यात देतात, खरं असो वा खोटं. त्यांच्या बोलण्यात ती पाच प्रश्नचिन्हं मी शोधत असते.

प्रश्नमंजुषेवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे ही सगळी घोकंपट्टी. फोनवर दोन सेकंदांत सापडणाऱ्या गोष्टी डोक्यात भरून काय उपयोग? हा आक्षेप घेणाऱ्याने कधी प्रत्यक्ष तयारी केली असेल असं वाटत नाही. २०१९ मध्ये ‘जेपर्डी’त लागोपाठ ३२ सामने जिंकणाऱ्या जेम्स होल्झहाउअरने तयारीसाठी लहान मुलांची पुस्तकं वाचली. मुलांच्या पुस्तकात विषयाचा गाभा चित्रांसकट, रंजक करून मांडलेला असतो आणि त्यामुळे परकी गोष्टही मनात घर करते. तिला जागा मिळाली की दुसरी गोष्ट तिला येऊन चिकटते. विमानतळाचं नाव फोनमध्ये सापडेल, पण ‘वीर’ आणि ‘लढाई’ हे दोन शब्द ऐकून आपलं मन कोणत्या दिशेला धावावं, हे फोन सांगणार नाही. त्यासाठी दोन्ही गोष्टी आधीपासून एकाच डोक्यात शेजारी राहत असाव्या लागतात.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. काही वर्षांनी एका वेगळ्या वाहिनीच्या निवडफेरीला गेले होते. लेखी परीक्षा पंधरा मिनिटांची. त्यानंतर हातात एक अर्ज आला. आवडीचे विषय लिहायला एक ओळ होती. ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग’ यासाठी अख्खं पान. माझ्या शेजारी एक तरुण होता. ग्रहताऱ्यांपासून राज्यघटनेपर्यंत कुठलंही विचारा, तो तयार. तो पेन हातात घेऊन नुसता बसून होता. शेवटी हळू आवाजात म्हणाला, “ताई, माझं तसं काही झालंच नाहीये. काय लिहू?” त्याची निवड झाली नाही. कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही, मला ते कळायला मार्ग नाही. पण ज्ञानाच्या स्पर्धेत माणसाला आपल्याकडे दुःख कमी पडतंय अशी लाज वाटावी, ही गोष्ट मला आजही सलते.

दुःख सांगू नये असं माझं म्हणणं नाही. हलाखीतून आलेल्या माणसाने जिंकावं आणि आपली वाट सांगावी, ऐकणाऱ्याला बळ मिळतं. पण एक तासाच्या भागात प्रश्न मोजकेच आणि उरलेला वेळ आईवडिलांच्या डोळ्यांवर कॅमेरा, असं झालं की स्पर्धक हा जाणकार राहत नाही, दयेचा विषय होतो. मग त्याचं ‘माहीत नाही’ही साधं राहत नाही. ते कोसळणं होतं, त्याला पार्श्वसंगीत लागतं, त्याच्यावर कॅमेरा रेंगाळतो. घरी बघणारं मूल त्यातून शिकतं की उत्तर न येणं ही शोकांतिका आहे. मी उभी होते तिथे मान डोलावून पुढचा प्रश्न घेतला गेला होता. तो अर्धा सेकंद मला कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त उपयोगी पडला.

आणि जी अपेक्षा स्पर्धकाकडून, तीच कार्यक्रमाकडूनही हवी. त्याच निवडफेरीत एक प्रश्न होता: कोणत्या ग्रहावर दिवस वर्षापेक्षा मोठा असतो? मी ‘बुध’ लिहिलं. त्यांचं उत्तर ‘शुक्र’. आता हिशोब बघा. शुक्र स्वतःभोवती फिरायला आपले २४३ दिवस घेतो आणि सूर्याभोवती २२५, म्हणजे त्यांचं बरोबर. पण दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ धरला, तर शुक्रावर तो ११७ दिवसांच्या आसपास भरतो, वर्षापेक्षा कितीतरी कमी. बुधावर मात्र तो १७६ दिवस भरतो आणि तिथलं वर्ष ८८ दिवसांचं. या अर्थाने उत्तर बुधच. ‘दिवस’ऐवजी ‘परिवलनाचा काळ’ असं लिहिलं असतं तर वादच नव्हता. प्रश्न काढणं ही कला आहे आणि तिचा पहिला नियम असा की प्रश्नाला उत्तर एकच असलं पाहिजे. मी तिथल्या समन्वयकांना हे सांगितलं. त्यांनी पडद्यामागे कुणाला तरी विचारलं आणि परत येऊन म्हणाले, “आमच्याकडे शुक्र लिहिलंय.” तपासून पाहतो, असं म्हणणं त्यांना जमलं नाही.

जमवणाऱ्यांनी जमवलेलं आहे. ब्रिटनच्या ‘मिलियनेअर’मध्ये २००६ साली एक दांपत्य शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचलं होतं: अमेरिकेच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ काय? त्यांनी ‘इन गॉड वी ट्रस्ट’ म्हटलं आणि मोठी रक्कम गमावली. हवं होतं ‘अनेकांतून एक’. पण अमेरिकेचं अधिकृत ब्रीदवाक्य १९५६ पासून ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हेच आहे आणि ते मुळात इंग्रजीतलं, म्हणजे प्रश्नच संदिग्ध. निर्मात्यांनी ते मान्य केलं, दोघांना परत बोलावलं, नवा प्रश्न दिला. नव्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नव्हतं. ते थांबले आणि पाच लाख पौंड घेऊन गेले. ‘जेपर्डी’तही पंचांचा निर्णय चुकला आणि त्यामुळे निकाल फिरला असं आढळलं, तर त्या स्पर्धकाला पुन्हा खेळायला बोलावतात. हे करताना कुणाची प्रतिष्ठा गेलेली मला दिसली नाही.

म्हणून माझी वाहिन्यांकडे मागणी फार मोठी नाही. प्रत्येक भागानंतर विचारलेले प्रश्न आणि त्यांचा आधार प्रसिद्ध करा. चूक दाखवायला एक पत्ता द्या आणि चूक ठरली तर पुढच्या भागात ती वाचून दाखवा. स्पर्धक निवडताना त्याच्या दुःखाला गुण देऊ नका. आणि कुणी “माहीत नाही” म्हणालं की संगीत थांबवा.

शुक्र आणि बुधाचा सगळा हिशोब मांडून मी त्या वाहिनीला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. यंदा त्यांच्या निवडफेरीचा अर्ज मी पुन्हा भरला आहे. कठीण प्रसंगाचं पान कोरं ठेवलं, आणि आवडीच्या विषयांच्या ओळीत जागा पुरली नाही म्हणून उरलेले विषय त्या पानावर लिहून काढले.